ध्वनिमुद्रकातून संगणकाकडे : यूएसबी जोडणी आणि आवाजाचे जतन

इ.स. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, असा तो क्रम होता. त्या वेळी तेथे ध्वनिमुद्रणाचे कोणतेही यंत्र नव्हते. त्याच तुरुंगात असलेले साने गुरुजी ती प्रवचने भरभर उतरून घेत, आणि त्यांच्या लेखणीमुळेच आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आहे. पुढे १९३८ पासून विनोबांचे वास्तव्य वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे झाले. त्या अठरा रविवारांचे शब्द आपल्याला मिळाले. त्या वेळचा आवाज, त्यातील थांबे, स्वरांचे चढउतार मात्र मिळाले नाहीत.

आज परिस्थिती अगदी वेगळी आहे. तळहातावर मावेल असा डिजिटल रेकॉर्डर अनेक शिक्षकांकडे, भजनी मंडळांकडे आणि अभ्यासकांकडे आहे, आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. आवाज टिपणे सोपे झाले आहे. परंतु टिपलेला आवाज रेकॉर्डरमध्ये असणे म्हणजे तो जतन होणे नव्हे. तेथे तो केवळ मुक्कामाला असतो. रेकॉर्डरमधून संगणकात, आणि संगणकातून आणखी एका सुरक्षित ठिकाणी पोहोचेपर्यंत तो केव्हाही हरवू शकतो. या प्रवासाचे पहिले पाऊल म्हणजे यूएसबी केबलची जोडणी. काम लहान आहे, म्हणूनच त्यात निष्काळजीपणा होतो. सदर लेखात आम्ही या जोडणीची माहिती क्रमाने देत आहोत.

१. आपल्या जिल्ह्यात जतन करण्यासारखे काय आहे?

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांत गाण्याची परंपरा आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) खंजिरी भजनांनी या भागातील गावेच्या गावे जागी केली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे झालेल्या उठावाच्या इतिहासात या भजनांचा उल्लेख अटळपणे येतो. या सर्वांच्या बरोबरीने आहेत त्या जात्यावरच्या ओव्या. पिठाची गिरणी गावात आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवी म्हणण्याचे निमित्तच संपले. ज्यांना त्या येतात त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत.

हे काम किती मोठे होऊ शकते, याचे उदाहरण पुण्याने घातले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. १९९० च्या दशकात संगणक व संगीत या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची जोड त्या शब्दांना मिळाली. पॉइतवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तले. तरीही २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या ओव्या जगभर ऐकता येऊ लागल्या. संग्राहक गेले, अनेक गाणाऱ्या गेल्या, पण आवाज राहिला. कारण तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात वेळीच, नीट नोंदीसह नेला गेला होता.

२. यूएसबी म्हणजे काय?

पूर्वी संगणकाला प्रत्येक उपकरणासाठी वेगळे तोंड असे : छपाईयंत्राला एक, माउसला दुसरे, मोडेमला तिसरे. सर्वांना चालेल असे एकच तोंड असावे, या विचारातून जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंता अजय भट्ट यांचा या कामात प्रमुख वाटा होता. १९९८ च्या सुधारित मानकात, म्हणजे यूएसबी १.१ मध्ये, वेग सेकंदाला कमाल १२ मेगाबिट होता. एप्रिल २००० मधील यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिटांवर नेला. बहुतेक डिजिटल रेकॉर्डर याच दुसऱ्या मानकावर चालतात.

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारा वीज वाहून नेतात आणि दोन तारा माहिती. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये केवळ विजेच्या दोनच तारा असतात. अशा केबलने यंत्र चार्ज होते, दिवा लागतो, परंतु संगणकाला काहीच दिसत नाही. ‘रेकॉर्डर बिघडला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत दोष फक्त या केबलचा असतो.

केबलचे रेकॉर्डरकडील टोक कोणते, हेही पाहावे लागते. झूम कंपनीच्या एच२, एच४ आणि २०१० मधील एच१ या यंत्रांना ‘मिनी’ टोक लागते. त्यानंतरच्या अनेक यंत्रांना ‘मायक्रो’ लागते. आणि अलीकडच्या यंत्रांना ‘टाईप-सी’, जे कोणत्याही बाजूने घातले तरी बसते. मिनी आणि मायक्रो दिसायला सारखी असली तरी एकाच्या जागी दुसरे बसत नाही. जोर केल्यास आतील पत्रा वाकतो. सोनीच्या काही व्हॉइस रेकॉर्डरमध्ये यूएसबीचे टोक यंत्रातूनच बाहेर सरकते, त्यांना वेगळी केबल लागत नाही.

ज्यांच्याकडे जुने मिनीडिस्क यंत्र पडून आहे त्यांच्यासाठी एक सूचना. २००१ मध्ये आलेल्या नेटएमडी यंत्रांना यूएसबी होते, पण त्यातून गाणी केवळ संगणकाकडून यंत्राकडे जात. मायक्रोफोनने मुद्रित केलेला आवाज उलट दिशेने घेण्याची सोय २००४ च्या हाय-एमडी यंत्रांपासून आली. यंत्राला यूएसबी आहे म्हणून आवाज बाहेर काढता येईलच, असे गृहीत धरू नये. तसे होत नसेल तर हेडफोनच्या तोंडातून तार काढून ती संगणकाच्या ‘लाईन-इन’ मध्ये घालावी आणि सर्व ध्वनिमुद्रण पुन्हा वाजवून घ्यावे. कॅसेटच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. यात तासाभराच्या गाण्याला पूर्ण एक तास लागतो.

३. जोडणीपूर्वीची तयारी

(अ) रेकॉर्डरची बॅटरी पुरेशी आहे याची खात्री करावी. अनेक यंत्रे यूएसबीमधून वीज घेतात, परंतु सर्वच घेत नाहीत.

(आ) ध्वनिमुद्रण पूर्णपणे थांबवावे. ‘स्टॉप’ दाबल्यानंतर यंत्र फाईलचा शेवटचा भाग व तिची नोंद कार्डावर लिहिते; ते होईपर्यंत यंत्र बंद करू नये.

(इ) संगणकावर किती जागा रिकामी आहे ते पाहावे. सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाईलमध्ये दर सेकंदाला १,७६,४०० बाईट साठवले जातात. एका मिनिटाला सुमारे १० एमबी आणि एका तासाला सुमारे ६३५ एमबी, असा हा हिशेब आहे. तोच एक तास १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये अवघा ५८ एमबी होतो. मात्र एमपी३ मध्ये आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. जतनासाठी वेव्ह आणि वाटण्यासाठी एमपी३, हा नियम बरा.

(ई) शक्य असल्यास लॅपटॉप वापरावा. नक्कल चालू असताना वीज गेली तरी त्याची बॅटरी काम पूर्ण होऊ देते. आपल्याकडे पावसाळ्यात हा विचार करावाच लागतो.

४. जोडणीचा क्रम

पहिली पायरी : संगणक आधी सुरू करावा व तो पूर्ण सज्ज झाल्यावर केबल जोडावी. शक्यतो संगणकाच्या स्वतःच्या तोंडातच ती घालावी. अनेक फाटे असलेल्या हबमध्ये घालू नये.

दुसरी पायरी : रेकॉर्डरच्या पडद्यावर पर्याय दिसतात. झूमच्या यंत्रांत ‘कार्ड रीडर’ आणि ‘ऑडिओ इंटरफेस’ असे दोन पर्याय असतात. फाईल हलवायच्या असतील तर पहिला निवडावा. दुसऱ्या पर्यायात रेकॉर्डर हा संगणकाचा मायक्रोफोन बनतो आणि कार्डावरील फाईल दिसत नाहीत. इतर कंपन्यांच्या यंत्रांत हाच पर्याय ‘स्टोरेज’ या नावाने असतो. अँड्रॉइड फोन जोडला असेल तर त्याच्या पडद्यावर ‘फाईल ट्रान्सफर’ निवडावे लागते, अन्यथा फोन केवळ चार्ज होत राहतो.

तिसरी पायरी : संगणकावर रेकॉर्डर एखाद्या पेनड्राईव्हप्रमाणे दिसू लागतो. त्यासाठी आजच्या विंडोज, मॅक वा लिनक्स प्रणालीत वेगळा ड्रायव्हर बसवावा लागत नाही. विंडोज ९८ च्या काळात तो लागत असे. म्हणून जुन्या यंत्रांसोबत सीडी मिळत असे.

चौथी पायरी : संगणकावर आधी नवीन फोल्डर करावे व त्याला गावाचे नाव आणि तारीख द्यावी. मग रेकॉर्डरमधील फाईल ‘कॉपी’ करून त्या फोल्डरमध्ये ‘पेस्ट’ कराव्यात. ‘कट’ कधीही करू नये. कट करताना मध्येच केबल हलली तर फाईल ना इकडे राहते ना तिकडे.

पाचवी पायरी : नक्कल झाल्यावर दोन्हीकडील फाईलींची संख्या आणि प्रत्येकीचा आकार जुळवून पाहावा. मग प्रत्येक फाईल संगणकावरून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी थोडी ऐकावी. अनेक रेकॉर्डर २ जीबीचा आकार झाला की आपोआप नवी फाईल सुरू करतात. वर सांगितलेल्या दर्जात हे साधारण ३ तास २० मिनिटांनी घडते. रात्रभर चाललेल्या भजनाच्या एकाहून अधिक फाईली असतील, त्या सर्व आल्या की नाहीत ते पाहावे.

सहावी पायरी : संगणकावर ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा देऊन, संमती मिळाल्यावरच केबल काढावी. संगणक कधी कधी लिहिण्याचे काम मागे ठेवतो. पडद्यावर काम संपल्यासारखे दिसते, पण कार्डावरील फाईलींची नोंदवही अर्धवट लिहिलेली असते. त्या क्षणी केबल ओढली तर फाईल जागेवर असूनही सापडत नाही.

५. संगणकाला रेकॉर्डर दिसत नसेल तर

प्रथम केबल बदलावी. मग संगणकाचे दुसरे तोंड वापरून पाहावे. मग रेकॉर्डरवरील पर्याय पुन्हा तपासावा. एवढे करूनही यश न आल्यास रेकॉर्डर बंद करून कार्ड बाहेर काढावे आणि कार्ड रीडरमधून थेट संगणकाला जोडावे. या मार्गाने बहुतेक वेळा काम होते. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे जुन्या यंत्रांना ओळखता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

कार्ड जोडल्यावर ‘हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाचे का?’ असा प्रश्न संगणकाने विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच की संगणकाला नोंदवही वाचता आली नाही. आवाज बहुधा आत शाबूत असतो. चुकून फाईल पुसली गेली तरीही हाच नियम. पुसताना सहसा केवळ नोंद खोडली जाते, मजकूर त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. अशा वेळी त्या कार्डावर एक सेकंदही नवे ध्वनिमुद्रण करू नये. कार्ड काढून बाजूला ठेवावे आणि फोटोरेक यांसारखी मोफत प्रणाली जाणकाराकडून चालवून घ्यावी. तिच्या नावात फोटो असला तरी ती ध्वनिफाईलीही शोधते.

६. आमच्या हातून घडलेली चूक

हे सारे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी देवळी तालुक्यातील एका गावी एका आजींच्या ओव्या आम्ही मुद्रित केल्या. ‘‘म्हातारीचा आवाज कायले भरून ठेवता, बाप्पा?’’ असे त्या हसून म्हणाल्या, आणि मग दीड तास थांबल्या नाहीत. सासर, माहेर, दुष्काळ, कापसाची वेचणी, लहानपणी गेलेला भाऊ, असे सर्व काही त्या ओव्यांत होते. आम्ही फाईल संगणकावर घेतली, आणि पुढील कामासाठी कार्ड फॉरमॅट केले.

फॉरमॅट केल्यानंतर अनेक रेकॉर्डर फाईलींना पुन्हा पहिल्यापासून क्रमांक देतात, ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. आठ दिवसांनी दुसऱ्या गावचे भजन मुद्रित झाले. त्या फाईलीचे नावही तेच, क्रमांक एक. ती आम्ही त्याच फोल्डरमध्ये टाकू लागलो तेव्हा संगणकाने विचारले : ‘या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवावयाची का?’ घाईत आम्ही ‘होय’ दाबले. चूक लक्षात आली ती महिन्याने. तोवर कार्डावर आणि संगणकावरही पुष्कळ नवे लिहून झाले होते. पुन्हा त्या गावी जाण्याचे ठरले, पण त्याआधीच आजी गेल्याचा निरोप आला. त्यांच्या नातीने शाळेच्या वहीत उतरून घेतलेल्या चाळीसेक ओव्या तेवढ्या आज शिल्लक आहेत. यंत्र निर्दोष होते, केबल निर्दोष होती. दोष आमचा होता.

७. नाव, नोंद आणि प्रती

या अनुभवातून आम्ही पाळू लागलेले नियम वाचकांपुढे ठेवतो.

नाव : संगणकावर येताच प्रत्येक फाईलीचे नाव बदलावे. नावात वर्ष, महिना, दिवस, गाव आणि प्रकार असावा; उदाहरणार्थ, ‘२०२४-०८-१९-सेलू-ओवी-०१’. वर्ष आधी लिहिल्याने फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. प्रत्येक गावासाठी आणि प्रत्येक दिवसासाठी स्वतंत्र फोल्डर असावे.

बोललेली नोंद : ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच गाव, तारीख, गाणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि गाण्याचा प्रसंग मोठ्याने सांगावा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर रेकॉर्डरचे घड्याळ मागे जाऊ शकते आणि फाईलीवर भलतीच तारीख पडते. आवाजातच सांगितलेली तारीख मात्र बदलत नाही.

प्रती : किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे दुसऱ्या गावी, नातलगाकडे, संस्थेत किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी. दुसरी प्रत तयार होऊन ऐकून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये. कार्डाची किंमत आज फार नाही. महत्त्वाचे ध्वनिमुद्रण असलेले कार्ड तसेच पाकिटात घालून, वर चिठ्ठी लावून ठेवणेही परवडते.

ठेवण्याची जागा : वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत रेकॉर्डर, कार्ड वा हार्ड डिस्क ठेवू नये. पावसाळ्यात केबलची टोके कोरड्या डब्यात ठेवावीत, कारण ओलीने त्यांवर गंज चढतो.

मूळ आणि संपादित : ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत पंख्याची घरघर कमी करता येते, सुरुवातीचे बोलणे कापता येते. परंतु हे काम नेहमी नकलेवर करावे. मूळ फाईल जशी आली तशीच राहू द्यावी. आज घरघर वाटणारा आवाज उद्याच्या अभ्यासकाला जात्याची गती सांगेल.

संमती : गाणाऱ्या व्यक्तीला आधी विचारावे, आणि हा आवाज कोण ऐकणार आहे ते स्पष्ट सांगावे. ओवीत घरातील दुःख असते. ते गावाबाहेर जावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिचाच आहे. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरी, मुलांच्या वा नातवंडांच्या फोनवर अवश्य द्यावी. हे सौजन्य तर आहेच, शिवाय दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली ती एक प्रतही आहे. आम्ही देवळीच्या त्या घरी एवढे केले असते, तर आमच्या चुकीने काहीच हरवले नसते.

समारोप

धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींकडे कागद आणि लेखणी एवढेच होते. पण उतरून घेतलेले पान त्यांनी सांभाळले. आपल्याकडे साधने पुष्कळ आहेत. उणीव आहे ती ध्वनिमुद्रणानंतरच्या त्या अर्ध्या तासाची : केबल जोडणे, नक्कल करणे, ऐकून पाहणे, नाव देणे आणि दुसरी प्रत ठेवणे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या रेकॉर्डरमध्ये किंवा फोनमध्ये घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज आजही तसाच पडून आहे, त्यांनी हा अर्धा तास आजच काढावा, अशी आमची नम्र विनंती आहे.